यमक जुळले, हसायचे कुणाला?

मराठी शाळेत कविता येते ती बहुतेक वेळा हात जोडून येते. कधी देशापुढे, कधी आईपुढे, कधी पहिल्या पावसापुढे. ती पाठ करायची, चालीवर म्हणायची, परीक्षेत गाळलेले शब्द भरायचे आणि 'कवीला काय सांगायचे आहे' या प्रश्नाखाली चार ओळी लिहून मोकळे व्हायचे. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, फळ्यावर रंगीत खडूने 'मराठी भाषा गौरव दिन' असे लिहिले जाते. परकर-पोलक्यातल्या चार मुली कविता म्हणतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. हीच मुले मधल्या सुट्टीत काय करतात ते एकदा कान देऊन ऐकावे. एकाच्या आडनावाला यमक जुळवून त्याला चिडवणे चाललेले असते. दुसऱ्याच्या डब्यातल्या भाजीवर दोन ओळी झालेल्या असतात. गणिताच्या सरांच्या चालण्यावर तर अख्खे कडवे तयार असते आणि ते चालीवर म्हटलेही जाते. म्हणजे कविता करण्याचे काम मुले रोजच करीत असतात. त्या कवितेला वर्गात प्रवेश नसतो, इतकेच.

तो द्यावा, असे माझे म्हणणे आहे. पाचवी ते आठवीच्या मुलांना विनोदी कविता लिहायला रीतसर शिकवावे. 'रीतसर' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. गॅदरिंगपुरते चार विनोदी तुकडे बसवून घेणे वेगळे आणि आठवड्याला एक तास वही-पेन्सिल घेऊन ओळी जुळवणे, खोडणे, पुन्हा जुळवणे वेगळे.

हे मी खुर्चीत बसून लिहीत नाही. आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालो तेव्हा पुन्हा वर्गात पाऊल टाकायचे नाही, असे ठरवले होते. पण एका तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेली माझी भाची एकदा म्हणाली, "मामा, तू नुसता लेख लिहून काय उपयोग? माझ्या सातवीला ये की शनिवारचा." शनिवारी सकाळची शाळा असते, शेवटचा तास तसाही खेळण्यात जातो. मी गेलो. एकूण आठ शनिवार गेलो.

पहिल्या शनिवारी पार फसलो. मुलांना म्हटले, "विनोदी कविता लिहा." वर्ग चिडीचूप. विनोदी काही सुचव म्हटल्यावर माणसाला काहीच सुचत नाही, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवे होते. शेवटी पाच-सहा मुलांनी काहीतरी लिहून दिले, त्यातल्या एकाची सुरुवात अशी होती: मांजर घरात आले, दूध सगळेच प्याले, आईने ते पाहिले, मांजर पळून गेले. मुलगा कवितेकडे आशेने बघत होता आणि मी त्याच्याकडे.

यात चूक मुलाची नाही, थोडी मराठीचीच आहे. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते आणि भूतकाळात आले, गेले, प्याले, झाले ही सगळी मंडळी आपोआप एका यमकात येतात. यमक फुकट मिळाले की डोके चालवायची गरज उरत नाही. म्हणून दुसऱ्या शनिवारी फळ्यावर एकच नियम लिहिला: क्रियापदाचे यमक बंद. ओळीच्या शेवटी नाम हवे. वर्गात कुरकुर झाली. नाम म्हणजे काय, येथपासून उजळणी करावी लागली. व्याकरणाच्या तासाला 'नाम म्हणजे' हे पाठ म्हणणारी मुले पहिल्यांदाच नाम शोधायला बाहेर पडली.

जोडीला मापही दिले. गणवृत्तांची नावे काढली असती तर मुलांनी दप्तरे आवरली असती. त्याऐवजी अष्टाक्षरी घेतली. एका ओळीत आठ अक्षरे. जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घ बघायचे नाही, बोटांवर मोजायचे. दोन हातांची बोटे संपायच्या आत ओळ संपते, म्हणून हे माप लहान हातांना सोयीचे. शिवाय कान त्याला सरावलेले असतात, कारण आपले कितीतरी अभंग याच आठ अक्षरांच्या पावलांनी चालतात. मांजरवाल्या मुलाने त्या मापात पुन्हा प्रयत्न केला. दोन शनिवार लागले, पण अखेर त्याने हे आणून दिले:

मांजराच्या मिशीवर
दुधावरची ती साय
आई म्हणे, चोराला या
आहेत दोनच पाय

दूध कोण प्याले ते आता सांगावे लागत नाही. आईचा धपाटाही सांगावा लागत नाही. हसू सगळे शेवटच्या शब्दात येऊन बसले आहे आणि त्या शब्दापर्यंत वाचणाऱ्याला थांबवून ठेवलेले आहे. विनोदाची बहुतेक कारागिरी एवढीच असते, पण ती बारा वर्षांच्या मुलाला 'विनोदाची व्याख्या' देऊन समजत नाही. क्रियापद मागे सरकवून नाम शेवटी आणताना हाताला समजते.

इथे परदेशातल्या एका अनुभवाची आठवण येते. केनेथ कॉक नावाच्या अमेरिकन कवीने न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवले आणि १९७० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. ते जगभरच्या शिक्षकांनी वाचले. दर तासाला एक सोपी युक्ती द्यायची, उदाहरणार्थ प्रत्येक ओळ 'मला वाटते की' अशा इच्छेने सुरू करायची, ही त्याची पद्धत. यमकाला मात्र त्याने मुलांना दूर ठेवले. यमकामागे धावताना मुलांचे मनातले बोलणे हरवते, असे त्याचे मत होते. गंभीर कवितेपुरते ते मला पटते. विनोदी कवितेत अगदी उलटे होते. तिथे यमकानेच मुलाला भलतीकडे ओढून न्यावे आणि त्या भलत्या जागी त्याला काहीतरी सापडावे, यातच गंमत असते. 'साय'ला यमक शोधताना 'पाय' मिळाला म्हणून तर चोर दोन पायांचा झाला.

जान्नी रोदारी या इटालियन बालसाहित्यिकाची युक्ती मी तशीच उचलली. १९७३ च्या आपल्या पुस्तकात तो सांगतो की एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवा, गोष्ट आपोआप सुरू होते. त्याचे उदाहरण कुत्रा आणि कपाट असे होते. आम्ही दोन डब्यांत चिठ्ठ्या टाकल्या. एका मुलीच्या वाट्याला 'तलाठी' आणि 'आइस्क्रीम' आले. तिचे वडील शेतकरी. तिला विचार करायला पाच मिनिटेही लागली नाहीत:

तलाठ्याकडे ठेवला
आइस्क्रीमचा हा गोळा
सही होईतो उरला
कागदाचा चोळामोळा

वाचून झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, "सर, तो 'हा' भरतीचा आहे." पादपूरणासाठी जुन्या पंडितांनीही अशी अक्षरे वापरली आहेत, असे सांगून मी तिचे समाधान करू लागलो. तिचे काही समाधान झाले नाही. पुढच्या शनिवारपर्यंत तिने त्या एका अक्षराच्या जागी निदान दहा शब्द घालून पाहिले आणि शेवटी 'हा' तसाच ठेवला. निबंधाच्या वहीतला एक शब्द पुन्हा बघायला सांगितले तर तोंड वाकडे करणारी मुलगी एका अक्षरासाठी आठवडाभर अडून बसते, हे मला शिक्षक म्हणून फार मोलाचे वाटले.

आणि यासाठी रोदारीकडेच जायला हवे होते असे नाही. आपल्या अंगणातच साचे पडलेले आहेत. भोंडल्याचे ते गाणे आठवा, ज्यात बायको एकेक पदार्थ करते आणि वेडा नवरा त्याला भलतेच काहीतरी समजतो. लाडवांचे चेंडू होतात, करंज्यांच्या होड्या होतात. दर कडव्याला पदार्थ नवा, चूक नवी, बाकी साचा तोच. हस्ताच्या पावसात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुलींनी पिढ्यान् पिढ्या हे गाणे लांबवत नेले, ते या साच्याच्या जोरावर. विदर्भात भुलाबाईची गाणी म्हणतात, तिथेही पुष्कळदा हीच रीत. सातवीच्या मुलींना मी एवढेच सांगितले की वेड्याला आजच्या गावात सोडा. एकीने त्याला एटीएमसमोर उभे केले, तो यंत्राला नमस्कार करून "सुट्टे आहेत का?" विचारून परत आला. दुसरीने त्याच्या हातात सेल्फी-स्टिक दिली, त्याने तिने चिंचा पाडल्या. मग कुणीतरी म्हणाले, "सर, वेडी का नसते कधी?" प्रश्न रास्त होता. एका मुलाने लगेच वेडी लिहायला घेतली आणि त्याला मुलींनी पुरेसे उत्तर दिले. ती कडवी इथे देण्यासारखी नाहीत, पण झकास होती.

उखाणा तर तयार विनोदी कविताच आहे. लग्नात नाव घेण्यापुरता तो का राहावा? मी म्हटले, प्रत्येकाने आपल्या नावडत्या विषयाचे नाव घ्यायचे. मागच्या बाकावरून आले:

दप्तरात डबा, डब्यात पोळी, पोळीखाली वही;
गणिताचं नाव घेतो, बाबांची हवी सही.

भाचीला हा उखाणा ऐकून हसू आवरेना. दुपारी तिने शांतपणे त्या मुलाचे दप्तर तपासले. वही खरोखर डब्यात होती.

विनोदी कविता म्हणजे अभ्यासाला सुट्टी, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. प्र. के. अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेली 'झेंडूची फुले' १९२५ साली आली. त्या पुस्तकावर महाराष्ट्र हसला, पण ते लिहिणारा माणूस पेशाने शिक्षक होता, हे आपण विसरतो. पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापकपण त्यांनी वर्षानुवर्षे केले, शिक्षणशास्त्र शिकायला ते लंडनला गेले आणि पुढे मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. विडंबन करायचे तर मूळ कवितेचे वृत्त, तिची शब्दांची आवड, तिची ठेच लागण्याची जागा, सगळे पाठ असावे लागते. पाठ्यपुस्तकातल्या कवितेचे विडंबन करायला सांगितले की मूल ती कविता दहा वेळा वाचते, रसग्रहणाच्या प्रश्नासाठी ते एकदाही वाचत नाही. हेच अत्रे १९५२ साली बहिणाबाईंच्या कविता घेऊन वाचकांपुढे आले. ज्याला विडंबन कळते त्याला अस्सल काय तेही लवकर कळते, असे मला त्यावरून नेहमी वाटत आले आहे.

बहिणाबाईंचे नाव निघाले म्हणून आणखी एक. आमच्या वर्गात घरी वेगळी बोली बोलणारी चार-पाच मुले होती. लिहायला लागली की ती पुस्तकी मराठीत लिहीत आणि ओळी पुठ्ठ्यासारख्या होत. एकाला म्हटले, "तुझी आजी हे कसे म्हणेल?" तो लाजला, मग म्हणाला. तीच ओळ निघाली. मात्र इथे सांभाळावे लागते. आजीच्या शब्दांत लिहिलेल्या ओळीला हसणे आणि आजीच्या शब्दांना हसणे, यांतले अंतर फार थोडे आहे. आपल्या नाटक-सिनेमांनी गावाकडची बोली नोकराच्या आणि गबाळ्याच्या तोंडी घालून हे अंतर आणखी कमी करून ठेवले आहे.

इथवर वाचून शिक्षक-वाचकांना वाटेल की काय मजेशीर प्रयोग आहे. म्हणून पाचव्या शनिवारी काय झाले ते सांगितलेच पाहिजे.

त्या दिवशी विषय मोकळा ठेवला होता. वर्गातला सर्वांत चलाख मुलगा उभा राहिला आणि त्याने चार ओळी वाचल्या. पुढून दुसऱ्या बाकावर बसणारा एक मुलगा बोलताना अडखळतो. त्या चार ओळी त्याच्या अडखळण्यावर होत्या. आठ अक्षरे चोख होती. यमक नामाचे होते. पहिल्या ओळीतला शब्द अडखळवून त्याने माप बरोबर भरून काढले होते आणि हसू अगदी शेवटच्या शब्दात ठेवले होते. मी पाच आठवडे जे जे शिकवले ते सगळे त्या चार ओळींत होते. वर्ग खदखदून हसला. आणि हे लिहायला जड जाते, पण त्या पहिल्या क्षणाला मीही हसलो. कारागिरीला दाद जाते तसे तोंडातून निघून गेले. मग माझे लक्ष दुसऱ्या बाकाकडे गेले. तो मुलगा हसत होता. चारचौघांत आपल्यावर हसले जात असताना मूल जसे हसते तसे.

मी वाचणाऱ्याला खाली बसवले, दोन शब्द सुनावले, घंटा झाली. वाटेत भाची काही बोलली नाही. घरी गेल्यावर म्हणाली, "मामा, तू त्याला रागावलास, पण आधी हसलास ते सगळ्यांनी पाहिलं."

त्या आठवड्यात मी पुष्कळ विचार केला. तास बंद करावेत, असेही मनात आले. कविता शिकवली नसती तर त्या मुलाला चिडवले गेले नसते का? गेलेच असते, मधल्या सुट्टीत, रोज. पण ते ओबडधोबड असते, संध्याकाळी विरून गेले असते. मी त्या चिडवण्याला माप दिले, धार दिली, पाठ होईल असे केले. बारा-तेरा हे वय असे असते की लहानपणीचे निव्वळ खिदळणे संपत आलेले असते आणि हसणे हे हत्यार आहे, हा शोध नुकता लागलेला असतो. अशा हातात आपण व्याकरण आणि वृत्त देतो तेव्हा ते कुणावर उगारायचे, हे वेगळे शिकवायला हवे, आणि ते पहिल्याच दिवशी शिकवायला हवे होते. मी मात्र नाम आणि क्रियापद शिकवत बसलो.

सहाव्या शनिवारी फळ्यावर दुसरा नियम लिहिला. कवितेत हसायचे ते स्वतःला, एखाद्या वस्तूला, नाहीतर आपल्याहून मोठ्याला. आपल्या बरोबरीच्या माणसाच्या अंगात जे आहे आणि त्याला बदलता येत नाही, त्यावर ओळ नाही. एकनाथांची भारुडे मी सांगितली. साडेचारशे वर्षांपूर्वी पैठणचा हा माणूस गावाच्या चौकात लोकांना हसवत होता, ते माणसाच्या विकारांवर. त्यात गाणाऱ्याचे स्वतःचे विकारही आले. उपदेश लांबतो आहे हे ध्यानात येऊन मी थांबलो. त्या चलाख मुलाने विचारले, "आपल्याहून मोठा म्हणजे कोण कोण, सर?" मी म्हटले, "तूच ठरव."

त्याने ठरवले. सातव्या शनिवारी त्याची ही कविता भित्तिपत्रकावर लागली:

शाळेमधल्या नळाला
पाहुण्यांचा फार लळा
साहेब आले की पाणी
एरवी कोरडा गळा

मला विचाराल तर आठ आठवड्यांतली ही सर्वांत चांगली कविता. 'गळा' नळाचा की मुलांचा, हे त्याने मोकळे सोडले आहे. भित्तिपत्रक दोन दिवस राहिले, तिसऱ्या दिवशी त्यातला तेवढा कागद काढलेला होता. शाळेची बदनामी होते, असे भाचीला सांगण्यात आले. पाचव्या शनिवारी दुसऱ्या बाकावरच्या मुलावर ओळी झाल्या, त्या साऱ्या शाळेत पसरल्या होत्या, तेव्हा कुणाची बदनामी झाल्याचे कुणाला वाटले नव्हते. नळ तसाच राहिला.

आपल्याकडे २०२० साली कायदा करून राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढेही वाटले गेले. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण मुलाला भाषा आपली वाटते ती त्या भाषेत त्याला काहीतरी करता येते तेव्हा, आणि नळावरच्या चार ओळी हे असे काहीतरी आहे. त्या ओळी भिंतीवर राहू देण्याइतके जाड कातडे शाळेचे नसेल, तर मुलाने विनोद मधल्या सुट्टीत आणि दुबळ्यावरच करावा, अशी सोय आपणच करून ठेवतो. विनोदी कविता शिकवायला निघालेल्या शिक्षकाने मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्यावे. मी बोललो नव्हतो.

गुणांचा प्रश्न निघेलच. गुण देऊ नयेत. हसू आले की नाही, याचा निकाल वर्ग तिथल्या तिथे देतो आणि त्यावर फेरतपासणीचा अर्ज करता येत नाही. पालकांनी एवढे करावे की घरी वही दाखवली तर शुद्धलेखन आधी बघू नये. आणि कविता आपल्यावरच असेल, म्हणजे बाबांच्या घोरण्यावर किंवा आईच्या फोनवर, तर ती मोठ्याने वाचून दाखवायला सांगावी.

शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी आपापली आवडती कविता वाचली. दुसऱ्या बाकावरच्या मुलाने पाचव्या आठवड्यापासून काही दिले नव्हते, मीही मागितले नव्हते. त्या दिवशी तो सबंध तास लिहीत होता. बोटांवर मोजताना दिसत होता, मध्येच खोडत होता, एकदा तर स्वतःशीच हसला. त्याची पाळी आली तेव्हा मी त्याच्याकडे पाहिले. त्याने मान हलवली, वही मिटली आणि दप्तरात ठेवून दिली. मी पुढच्या मुलाचे नाव घेतले.